मेल गेला म्हणतो, पण पोचत नाही: पोस्टफिक्समध्ये उशीर कुठे होतो ते शोधणं

इचलकरंजीतल्या एका कापड निर्यात करणाऱ्या कंपनीचा मेल सर्व्हर माझ्याकडे आहे. भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर), त्यावर डेबियन लिनक्स, मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डव्हकॉट आणि मेल गाळायला अमाविस, एवढाच पसारा. येणाऱ्या मेलबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जाणाऱ्या मेलला दहा मिनिटं जास्त लागली की मात्र फोन वाजतो, कारण न्हावा शेव्याला कंटेनर उभा असतो आणि कस्टम्स एजंट कागदांची वाट बघत बसलेला असतो. "दादा, मी साडेदहालाच पाठवलाय, पण त्यांना मिळाला नाही म्हणतात," असं डॉक्युमेंटेशनच्या ताई सांगतात. पाठोपाठ मालकांचा सल्ला येतो: सर्व्हर एकदा रिस्टार्ट करून बघ.

रिस्टार्टच्या नादी लागू नका. पोस्टफिक्सची रांग डिस्कवर असते आणि अडकलेल्या मेलचा पुढचा प्रयत्न कधी करायचा ती वेळ त्या मेलच्या फाइलवरच नोंदलेली असते, त्यामुळे रिस्टार्टने रांग पुढे सरकत नाही. फक्त एका दुखण्यावर रिस्टार्टचा खरोखर उपयोग होतो, ते पुढे येईलच. उशीर नेमका कोणत्या टप्प्यावर झाला हे लॉगमध्ये सेकंदांसकट लिहिलेलं असतं. ते आधी वाचायचं, मग हात लावायचा.

(कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्येच टाइप करायची.)

आधी मेल सर्व्हरपर्यंत आला का ते बघा

पाठवणाऱ्याने 'सेंड' दाबलं म्हणजे मेल सर्व्हरवर आला असं नाही. आउटलुकच्या आउटबॉक्समध्ये अर्धा तास पडून राहिलेले मेल मी बरेच पाहिलेत. लॉगमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता ग्रेप करा, म्हणजे शोधा. 'एसएमटीपीडी'ची (पोस्टफिक्सचा मेल स्वीकारणारा भाग) ओळ, तिच्यात 'क्लायंट=' आणि 'एसएएसएल_युजरनेम=' दिसतं, तो मेल आपल्या दारात आल्याचा क्षण. ती ओळच सापडली नाही तर प्रश्न त्या माणसाच्या मशीनवर किंवा ऑफिसच्या वायफायवर आहे, सर्व्हर उकरू नका.

डेबियन १२ नव्याने टाकलं असेल तर 'वार/लॉग'मध्ये मेलची लॉग फाइल नसते, कारण ती लिहिणारा आरसिसलॉग आता आपोआप येत नाही. मी तो टाकूनच घेतो. जर्नलसीटीएलनेही काम भागतं, पण जुन्या फाइलींवर झेडग्रेप चालवायची सवय हाताला असते.

'एसएमटीपीडी'च्या त्याच ओळीत रांगेतला क्रमांक मिळतो, म्हणजे क्यू आयडी. आता तो आयडी ग्रेप करत पुढे जायचं. अमाविस मध्ये असेल तर एक मेख आहे: मेल आधी १२७.०.०.१ वर १००२४ पोर्टला जातो आणि गाळून १००२५ ला परत येतो, तेव्हा त्याला नवा आयडी मिळतो. पहिल्या आयडीच्या शेवटच्या ओळीत 'स्टेटस=सेंट' दिसतं आणि लोक तिथेच थांबतात. पण त्या ओळीच्या शेपटात 'क्यूड अ‍ॅज' लिहून पुढचा आयडी दिलेला असतो. खरा प्रवास तिथून सुरू होतो.

डिलेजचे चार आकडे

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ 'पोस्टफिक्स/एसएमटीपी' नावाने पडते. तिच्यात हे असतं:

डिले=५१३, डिलेज=४८२/०.०२/३०/०.९, स्टेटस=सेंट

'डिले' म्हणजे मेल आपल्याकडे आल्यापासूनचे एकूण सेकंद. 'डिलेज' म्हणजे त्याचीच चार भागांत फोड, आणि ही पोस्टफिक्स २.३ पासून लॉगमध्ये येते. पहिला आकडा क्यू मॅनेजरच्या, म्हणजे रांग हाकणाऱ्या भागाच्या, हातात पडेपर्यंतचा वेळ. दुसरा क्यू मॅनेजरकडे खोळंबलेला वेळ. तिसरा जोडणीचा: डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), टीसीपी (जोडणी उघडणं), हेलो (आपलं नाव सांगणं), टीएलएस (एन्क्रिप्शन) सगळं त्यात. चौथा प्रत्यक्ष मेल ओतायला लागलेला.

वरची ओळ वाचू. ओतायला सेकंदही लागला नाही, म्हणजे लाइन चांगली आहे. दुसरा आकडा नगण्य, म्हणजे आपल्याकडे गर्दी नव्हती. तिसरा बरोबर ३०, आणि असा गोल आकडा आपोआप येत नाही. राहिला पहिला, ४८२. तो बघून अनेकजण अमाविस हळू चालतोय असा निष्कर्ष काढतात, पण पहिल्या आकड्यात आधीच्या फसलेल्या प्रयत्नांनंतर डिफर्ड रांगेत, म्हणजे नंतर पुन्हा पाठवायच्या मेलच्या रांगेत, काढलेला वेळही धरलेला असतो. म्हणून पहिला आकडा मोठा दिसला की त्याच आयडीच्या वरच्या ओळी बघायच्या. इथे वर एक ओळ होती: 'स्टेटस=डिफर्ड', समोरच्याचं उत्तर ४५०, ग्रेलिस्टेड, म्हणजे अनोळखी म्हणून पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवलेला. म्हणजे एकाच ओळीत दोन दुखणी होती, ग्रेलिस्टिंगचं आणि तीस सेकंदांचं. पहिलं त्यांच्या बाजूचं, दुसरं आपलं.

तिसरा आकडा: इथेच बहुतेक वेळा चोर सापडतो

तीस, साठ असे आकडे दिसले तर कुठल्या तरी पत्त्यावर जोडणी होत नाहीये आणि पोस्टफिक्स 'एसएमटीपी_कनेक्ट_टाइमआउट' संपेपर्यंत थांबतोय. हा टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो. आजकाल याचं नेहमीचं कारण आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांचा नवा प्रकार. व्हीपीएसला आयपीव्ही६ पत्ता मिळालेला असतो, पण त्याची वाट पुढे कुठेतरी तुटलेली असते. समोरच्या एमएक्सला (त्यांचा मेल घेणारा सर्व्हर) दोन्ही प्रकारचे पत्ते असले तर पोस्टफिक्स आधी कोणता घेईल याचा भरवसा नाही, म्हणून कधी मेल झटक्यात जातो आणि कधी तीस सेकंद खातो. ही अनियमितता हीच खूण. आयपीव्ही६ ची वाटच नसेल तर 'नेटवर्क इज अनरीचेबल' असं लगेच उत्तर येतं आणि वेळ जात नाही. वेळ खातो तो अर्धवट चालणारा आयपीव्ही६.

तपासायला 'एनसी -६ -व्ही' देऊन समोरच्या एमएक्सचं २५ पोर्ट उघडतं का बघा, मग '-४' ने बघा. उपाय दोन. आयपीव्ही६ ची गरज नसेल तर मेन.सीएफमध्ये (पोस्टफिक्सची सेटिंग फाइल) 'इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४' लिहा; हे बदलल्यावर रीलोड पुरत नाही, पोस्टफिक्स थांबवून पुन्हा चालू करावा लागतो. गरज असेल तर 'एसएमटीपी_अ‍ॅड्रेस_प्रेफरन्स = आयपीव्ही४' ठेवा, म्हणजे आधी आयपीव्ही४ आणि ते जमलं नाही तर दुसरं. मी पहिलाच उपाय ठेवलाय. आयपीव्ही६ वरून पाठवायचं तर त्या पत्त्याचाही पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) लागतो, नाहीतर जीमेल मेल घेत नाही, आणि एवढ्या छोट्या सर्व्हरला दोन-दोन पत्त्यांची अब्रू सांभाळत बसायचं कारण नाही.

तिसरा आकडा पाच, दहा, पंधरा असा पाचाच्या पटीत असेल तर नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं देणारा सर्व्हर, बघा. रिझॉल्व्ह.कॉन्फमधला पहिला नेमसर्व्हर मेलेला असेल तर लिनक्सचा रिझॉल्व्हर त्याच्यासाठी प्रत्येक प्रश्नाला पाच सेकंद थांबतो आणि मग दुसऱ्याकडे जातो. एका मेलमागे एमएक्स, मग त्या नावांचे पत्ते असे अनेक प्रश्न असतात. 'डिग एमएक्स' देऊन शेवटच्या 'क्वेरी टाइम'कडे बघा, आणि '@' लावून फाइलमधला प्रत्येक नेमसर्व्हर वेगवेगळा विचारा. मेल सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएस रिझॉल्व्हर) बसवून टाकणं सगळ्यात बरं. अमाविसच्या पोटातला स्पॅमअसॅसिनही मेल तपासताना डीएनएसला भरपूर प्रश्न विचारतो, त्यालाही त्याचा फायदा होतो.

आणि आता ते रिस्टार्टचं दुखणं. डेबियन-उबंटूवर पोस्टफिक्सचे बरेचसे भाग वर्षानुवर्षं क्रूटमध्ये चालत आलेत, म्हणजे त्यांना 'वार/स्पूल/पोस्टफिक्स' हेच सगळं जग. तिथे 'ईटीसी' नावाचं पिल्लू फोल्डर असतं आणि त्यात रिझॉल्व्ह.कॉन्फची वेगळी प्रत. होस्टिंगवाल्याने नेमसर्व्हर बदलले, खरी फाइल बदलली, पण ही प्रत जुनीच राहते. मग तुम्ही टर्मिनलवर डिग करता तेव्हा सगळं छान दिसतं आणि लॉगमध्ये मात्र 'नेम सर्व्हिस एरर... होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन' येत राहतं. दोन्ही फाइली डिफने ताडून बघा. पोस्टफिक्स चालू होताना ही प्रत ताजी केली जाते, म्हणून इथे रिस्टार्ट लागू पडतो, आणि त्यामुळेच बहुधा तो सल्ला गावभर झालाय.

सगळीकडेच जोडणी टाइम आउट होत असेल, म्हणजे जीमेल, आउटलुक, समोरच्या गल्लीतली कंपनी, सगळ्यांकडे, तर बाहेर जाणारं २५ पोर्टच बंद आहे असं समजा. गूगल क्लाउडवर ते सहसा बंदच असतं, एडब्ल्यूएसवर अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. तोवर 'रिलेहोस्ट' लावून ५८७ वरून एखाद्या रिले सेवेतून मेल पाठवा.

दुसरा आणि चौथा आकडा

दुसरा आकडा वाढला म्हणजे अ‍ॅक्टिव्ह रांगेत गर्दी आहे. आमच्याकडे हे महिन्याच्या सुरुवातीला व्हायचं, अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या पार्ट्यांना खात्याचे उतारे एकदम सुटायचे तेव्हा. प्रत्येक मेल अमाविसकडे जाणार, आणि अमाविसचे 'मॅक्स_सर्व्हर्स' मुळात फक्त दोन. म्हणजे शेकडो मेलना दोन खिडक्या, आणि शिपिंग बिल घेऊन आलेला माणूसही त्याच रांगेत. खिडक्या वाढवताना मेमरी बघा, कारण क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस नुसत्या व्हायरसच्या खुणांच्या (सिग्नेचर) यादीसाठीच एक जीबीहून जास्त मेमरी घेतो आणि स्वॅप सुरू झाला की सगळंच रांगतं. अमाविसचा आकडा आणि मास्टर.सीएफमधल्या, अमाविसकडे मेल नेणाऱ्या ट्रान्सपोर्टचा 'मॅक्सप्रोक' एकच ठेवायचा. त्याहून चांगलं म्हणजे उतारे रात्री पाठवायला लावणं. ते पटवायला सेटिंग बदलण्यापेक्षा जास्त वेळ गेला, पण कायमचं मिटलं.

गर्दी अनोळखी असेल, पाठवणाऱ्यांत विचित्र पत्ते असतील, तर कुणाचा तरी पासवर्ड गेलाय. 'क्यूशेप -एस डिफर्ड' दिल्यावर कोणत्या डोमेनच्या नावाने मेल साचलेत ते दिसतं. मग लॉगमधल्या 'एसएएसएल_युजरनेम'ची मोजणी करा. पासवर्ड आधी बदला, मग रांग साफ करा, उलट केलंत तर रांग पुन्हा भरते. 'पोस्टसुपर -डी' ने पुसण्याआधी '-एच' ने ते मेल होल्डवर टाका, म्हणजे खरे मेल वेगळे काढता येतात. '-डी ऑल' ही कमांड अडकलेली चलनंही पुसते.

चौथा आकडा मोठा असेल तर अटॅचमेंट मोठं आहे किंवा समोरचा सर्व्हर मेल पूर्ण घेतल्यावर तपासत बसलाय. एक प्रकार मात्र ओळखून ठेवा: छोटे मेल सुटतात, मोठे प्रत्येक वेळी 'टाइम्ड आउट व्हाइल सेंडिंग मेसेज बॉडी' म्हणून परततात. वाटेत कुठेतरी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) छोटा आहे आणि तसं सांगणारे आयसीएमपी संदेश एखादा फायरवॉल गिळतोय. 'पिंग -एम डू -एस १४७२' देऊन बघा. जात नसेल तर आकडा कमी करत जा. त्यात २८ मिळवले की खरा एमटीयू मिळतो.

डिफर्ड: समोरच्याचे शब्द वाचा

'मेलक्यू' दिलं की अडकलेल्या मेलखाली कंसात कारण दिसतं. ते समोरच्या सर्व्हरचं म्हणणं असतं. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे नंतर ये, पाचने सुरू होणारा म्हणजे येऊच नकोस. पाचवाले मेल रांगेत राहत नाहीत, लगेच पाठवणाऱ्याकडे परततात, म्हणून उशिराच्या तक्रारीत आपली गाठ चारवाल्यांशीच पडते.

ग्रेलिस्टिंगवाला अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवतो, कारण स्पॅमवाले सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत. पोस्टग्रेमध्ये हा थांबा मुळात ३०० सेकंदांचा असतो. आपला पोस्टफिक्सही फसलेला मेल किमान ३०० सेकंद बाजूला ठेवतो, आणि क्यू मॅनेजरची डिफर्ड रांगेवरची फेरीही दर ३०० सेकंदांनी. फेरी नुकतीच होऊन गेली असेल तर मेल पुढच्या फेरीपर्यंत बसतो, म्हणून पाच मिनिटांची आठ-नऊ होतात. आमच्या त्या ४८२ चा हिशोब हाच. यात आपल्या हातात फारसं काही नाही. नेहमीच्या एजंटांना, बँकेला फोन करून आपला सर्व्हर त्यांच्या यादीत घालायला सांगा. निदान ओळख झाल्यावर पुढचे मेल थेट जातात.

पुढचे प्रयत्न मात्र लांबत जातात. मेल रांगेत जितका जुना, तितकाच त्याचा पुढचा थांबा, कमाल ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाहून थोडा जास्त. म्हणून समोरचा सर्व्हर सकाळी दोन तास बंद होता आणि बाराला चालू झाला, तरी आपला मेल एक वाजता पोचू शकतो. अशा वेळी, समोरचा चालू झाल्याची खात्री करून, 'पोस्टक्यू -आय' आणि आयडी देऊन तो एकच मेल ढकला. 'पोस्टक्यू -एफ' ने सगळी रांग ढकलायची सवय लावून घेऊ नका. ज्यांनी जास्त मेल पाठवतोस म्हणून थांबवलंय त्यांच्याच दारावर आपण पुन्हा पुन्हा थापा मारतो, आणि थांबा वाढतो.

'डिलिव्हरी टेम्पररिली सस्पेंडेड' ही ओळ अनेकांना घाबरवते. तिचा अर्थ असा की त्या ठिकाणी नुकताच एक प्रयत्न फसला, म्हणून पोस्टफिक्सने तिथले बाकीचे मेल प्रयत्न न करताच बाजूला ठेवले. खरं कारण त्याच ओळीत पुढे किंवा आधीच्या मेलच्या ओळीत असतं.

४२१ आणि ४.७ ने सुरू होणारी उत्तरं मोठ्या मेलसेवांकडून येतात आणि बहुतेकदा त्यांचा अर्थ असतो की तुमच्या आयपीवर आमचा पुरता विश्वास नाही. इथे रांगेशी खेळून काही होत नाही, कागदपत्रं नीट लावावी लागतात. आयपीचा पीटीआर आणि सर्व्हरचं हेलोतलं नाव एकच हवं, आणि त्या नावाचा पत्ता परत त्याच आयपीवर यायला हवा. पीटीआर होस्टिंगवाल्याच्या पॅनलमध्ये लागतो, तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये नाही. नवखे इथे तासन्‌तास घालवतात. एसपीएफमध्ये (आपल्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती डीएनएस नोंद) डीएनएसला जाणारे संदर्भ दहापेक्षा जास्त झाले तर तो मोडतो, आणि न्यूजलेटरवाला, सीआरएमवाला, एचआरवाला असे तीन-चार 'इन्क्लूड' जोडत गेलं की दहा कधी ओलांडले ते कळत नाही. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सक्तीचं केलंय, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्कही (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). आपण त्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नसलो तरी तिन्ही लावून ठेवा.

एकाच सेवेकडे वेग कमी ठेवायचा असेल तर मास्टर.सीएफमध्ये एसएमटीपीची ओळ 'स्लो' नावाने पुन्हा लिहा, ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये ते डोमेन तिकडे वळवा आणि 'स्लो_डेस्टिनेशन_रेट_डिले = २एस' द्या. त्या डोमेनचे मेल दोन-दोन सेकंदांच्या अंतराने सुटतात, बाकीच्यांचा वेग तसाच राहतो.

आपलं काम कुठे संपतं

लॉगमध्ये 'स्टेटस=सेंट' आणि कंसात २५० आलं की मेल समोरच्या सर्व्हरने स्वीकारला. त्यानंतरचा उशीर त्यांच्या स्पॅम फिल्टरमध्ये किंवा क्वारंटाइनमध्ये. ती एक ओळ, वेळ आणि त्यांनीच दिलेल्या क्रमांकासकट कापून ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर देतो. त्या ती पुढे एजंटला देतात आणि मग त्यांच्याकडचा आयटीवाला शोधायला लागतो.

मिळालेल्या मेलचे हेडर हाताशी आले तर 'रिसीव्ह्ड' ओळी खालून वर वाचा. टाइमझोन आधी एकसारखा करून घ्या. आपले सकाळचे सव्वादहा +०५३० अमेरिकेतल्या सर्व्हरच्या ओळीत आदल्या रात्रीचे ९:४५ -०७०० म्हणून दिसतात, आणि त्यावरून 'मेल बारा तास फिरत होता' असं ठासून सांगणारी माणसं मी पाहिलीत.

दोन सेटिंग बाकी. 'डिले_वॉर्निंग_टाइम' मुळात शून्य असतं, म्हणजे मेल अडकला तरी पाठवणाऱ्याला पत्ता नाही. मी ते एक तास ठेवलंय. सुरुवातीला लोक ती सूचना वाचून तोच मेल पुन्हा पाठवतात, त्यांना सांगावं लागतं. 'मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम' पाच दिवसांचं असतं आणि मेलच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी ५३२१ सुद्धा निदान चार-पाच दिवस प्रयत्न करा म्हणतो. आमच्याकडे मी ते दोन दिवसांवर आणलंय, कारण जहाज सुटल्यावर पोचलेल्या पॅकिंग लिस्टचा कुणाला उपयोग नाही. मेल लवकर परत आला तर ताई निदान फोन करतात. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर पंधरा मिनिटांनी डिफर्ड रांगेची मोजणी ठेवली आहे आणि ती वाढली की मला एसएमएस येतो. ही सूचना मेलने मागवू नका.